बाई रजेवर गेल्या

ढेकूण माणसाच्या रक्तावर जगतो आणि मालक ढेकणांवर जगत होते. शिवाय झुरळं, वाळवी आणि उंदीर होतेच. पण खरा पोशिंदा म्हणाल तर ढेकूणच. कपडे धुण्याच्या दुकानावर एक खोली, तिला आपलं ऑफिस म्हणायचं. पुढे बाईंचं टेबल, मागे मालकांचं टेबल, मध्ये औषधांच्या डब्यांचं कपाट. खाली एक पांढरी गाडी. फवारणीला दोन माणसं. एक पैलवान, हा इतका किडकिडीत, की पाठीला पंप लावून चालायला लागला की पंपालाच पाय फुटल्यासारखं वाटे. दुसरे काका, वर्षानुवर्षं फवारून त्यांचं नाक कामातून गेलं होतं आणि तेव्हापासून ते अतिशय सुखी होते.

धंदा चांगला चालला होता. का चालला होता, याविषयी मालकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. औषधामुळे! ते औषध मालक स्वतः बनवत. कुठलं किती आणि कशात घालायचं हे त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारलंही नव्हतं. बाकी फोन उचलणं, वेळ देणं, माणसं पाठवणं ही किरकोळ कामं बाई करत. ज्याला एक हात आणि एक कान आहे त्या कोणालाही ती जमतील, असं मालकांचं प्रामाणिक मत होतं. मालकांना तर दोन-दोन होते.

अशात बाईंच्या मुलीचं बाळंतपण आलं. बाईंनी रजा मागितली. मालकांनी "अहो जा, जा, खुशाल जा," म्हणून मोठ्या मनाने ती दिली. बाईंनी पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या,

"मालक, मी नसताना फोन उचलू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे वाजू द्या. वाजून वाजून थांबतो आपोआप."

"अहो बाई, फोन माझाच आहे ना?"

"फोन तुमचाच आहे. बोलणं माझं असतं." बाईंच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. "आणि उचललातच, तर आजच्या आज कोणाला हो म्हणू नका. आणि काहीही झालं तरी किड्याचं नाव तोंडातून काढू नका."

"ढेकणांच्या धंद्यात ढेकणाचं नाव घ्यायचं नाही?"

"न्हावी गिऱ्हाइकाला या टकलूशेठ म्हणतो का?" एवढं बोलून बाई जिना उतरून गेल्याही.

मालकांना हे फार लागलं. त्या दिवशी ते घरी आले ते ओठ घट्ट मिटून. बायकोने चहा पुढे ठेवला आणि "काय झालं?" म्हणून विचारलं. मालकांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग नका उचलू." अपमान झालेल्या नवऱ्याला बायकोने काय म्हणू नये, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

सहानुभूती मिळाली ती वरच्या मजल्यावर. तिथे एक निवृत्त साहेब राहत. नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली म्हणे शेकडो माणसं होती. आता फक्त बायको उरली होती, आणि ती हाताखाली येत नव्हती. त्यामुळे साठलेले हुकूम सल्ल्यांच्या रूपाने बाहेर पडत. सल्ल्याचंही पाण्यासारखंच आहे, तो उताराकडे धावतो. आणि मालक बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होते.

"ती बाई नेमकं करते काय?" साहेबांनी विचारलं.

"फोन उचलते."

"आणि?"

"आणि... ठेवते."

"बघा!" साहेब म्हणाले. "तुम्ही हत्ती पोसताय. ही संधी समजा. ती परत येईपर्यंत धंदा असा चालवून दाखवा, की तिला स्वतःच्या खुर्चीत बसायची लाज वाटली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मालक बाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची जरा बुटकी होती. गुडघे हनुवटीला लागत. पण सेनापतीने घोड्याची उंची बघायची नसते. फोन वाजला. मालकांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"बाई आहेत का?" एक बारीक, दबलेला आवाज.

"नाहीत. मी मालक बोलतोय. बोला."

"नंतर करते." खट्.

पुन्हा फोन. "बाई आहेत?" "नाहीत, पण मी..." खट्. पुरुषही तसेच, बायकाही तशाच. मालकांच्या लक्षात येईना, की या शहरातले सगळे लोक कुजबुजत का बोलतात! शेवटी एक गृहस्थ मोठ्या कष्टाने टिकले.

"आमच्याकडे, म्हणजे... पाहुणे आलेत," गृहस्थ म्हणाले.

"अरे वा!" मालकांनी आनंद दाखवला. "कुठून आले?"

"कुठून आले कळत नाही हो. बहुतेक जुन्या कपाटातून."

मालक गोंधळले. "कपाटातून? किती जण आहेत?"

"मोजले नाहीत. लहान लहान आहेत. दिवसा दिसत नाहीत."

"मुलं खेळायला जात असतील बाहेर."

"मुलं नाहीत हो! पाहुणे! पलंगातले! बाईंना बरोबर कळतं."

मालकांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आणि उजेड पडला की माणूस ओरडतो. "ढेकूण!" मालक विजयाने ओरडले. "अहो, मग सरळ ढेकूण म्हणा ना! ढेकूण झालेत तुमच्या पलंगात!"

मग मालकांना फोनमधून एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "अगंबाई, यांच्या पलंगात ढेकूण आहेत?" आणि पाठोपाठ एक खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. आणि मग खट्.

काकांनी कोपऱ्यातून शांतपणे खुलासा केला. पाहुणे म्हणजे ढेकूण. मिशीवाले म्हणजे झुरळं. सुतार आलेत म्हणजे वाळवी लागली. आणि मामा म्हणजे अर्थातच उंदीर.

"हे मला कोणी सांगितलं नाही कधी!"

"तुम्ही फोन कधी उचललात?" काका म्हणाले.

या शब्दकोशाने मालकांना हुरूप आला, आणि हुरुपाच्या भरात त्यांनी दुसरी चूक केली. पुढे जो कोणी टिकला त्याला ते "उद्या सकाळी" म्हणून हो म्हणू लागले. नाही म्हणायला बाईंकडे काहीतरी युक्ती असावी. मालक नाही म्हणायला तोंड उघडत आणि बाहेर हो पडे. परिणाम असा झाला, की एका सकाळी सगळं शहर पैलवान आणि काकांची वाट बघत बसलं. मामांचं औषध सुतारांकडे गेलं, सुतारांचं मिशीवाल्यांकडे. आणि बाईंनी जाताना लावून दिलेली जुनी, ठरलेली कामं होती, ती सरकत सरकत थेट सुट्टीच्या दिवसापर्यंत जाऊन पोहोचली. कोणाची कामं, हे मालकांनी विचारलं नाही. गिऱ्हाइकांची नावं विचारण्याची त्यांना सवयच नव्हती.

संध्याकाळी साहेबांनी रोगाचं निदान केलं. "लोक कुजबुजतात, कारण तुम्ही कुजबुजता! ती तुमची गाडी बघा. पांढरीफटक. दुधाची म्हणावी की दवाखान्याची, कळत नाही. छाती ठोकून सांगा, आम्ही ढेकूण मारतो! गाडी रंगवा!"

मालकांना आठवलं, की गाडी रंगवायचं त्यांनी पूर्वीही काढलं होतं, पण दर वेळी बाईंनी "पावसाळा होऊन जाऊ द्या" म्हणून टाळलं होतं. पावसाळे किती आले आणि गेले! मालकांना कट उघडकीस आल्यासारखं वाटलं. त्यांनी तडक रंगारी गाठला.

रंगाऱ्याचं आयुष्य फळांच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं होतं. त्यामुळे त्याने काढलेला ढेकूण डाळिंबासारखा टवटवीत दिसू लागला. झुरळ चकचकीत, खजुरी रंगाचं, आणि का कोण जाणे, हसरं. "हसतंय का ते?" मालकांनी विचारलं. रंगारी म्हणाला, "गिऱ्हाइकाला रडकं तोंड दाखवू नये, शेठ." गाडीच्या दोन्ही अंगांना, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत लिहून घेतलं: "तुमचे ढेकूण, आमची जबाबदारी!"

गाडी रंगवल्यावर वाहन कार्यालयाला कळवावं लागतं, असं कोणीसं सांगितलं. मालक नियमाने चालणारे. ते गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "गाडीचा रंग?"

"पांढरा."

त्याने मान लांब करून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. "आणि ते काय?"

"झुरळ."

"झुरळ रंगात बसत नाही," कारकून म्हणाला. "ते चित्रात जातं. चित्र पलीकडच्या खिडकीत."

पलीकडच्या खिडकीतल्याने विचारलं, "चित्र एका जागी असतं की फिरतं?"

"चित्र एका जागीच आहे. गाडी फिरते."

"म्हणजे चित्र फिरतं."

"गाडीबरोबर फिरतं, पण गाडीवर फिरत नाही."

त्या माणसाने बराच वेळ विचार केला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ते असू द्या. आमच्या घरी जरा मिशीवाले फार झालेत. बाई कधी येणार?"

मालक तसेच परत आले. सरकारी कचेरीतसुद्धा बाई! त्या रागात त्यांनी पैलवानाला हुकूम सोडला, की नवी गाडी काढ आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे जा.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्टेशनाजवळचं हॉटेल. निम्मा धंदा त्या एकावर उभा होता. बाईंच्या काळात पांढरी गाडी मागच्या दाराला लागे, दुपारी खोल्या रिकाम्या असताना, आणि पैलवान एसी दुरुस्त करणाऱ्याच्या थाटात आत जाई. आता नवा जमाना होता. गाडी भर जेवणाच्या वेळी पुढच्या दारात उभी राहिली. काचेतून आत बसलेल्या मंडळींना आधी हसरं झुरळ दिसलं, मग डाळिंबी ढेकूण, आणि मग "तुमचे ढेकूण" एवढी अक्षरं. "आमची जबाबदारी" खांबाआड गेली होती. पैलवान पंप लावून आत शिरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कुठल्या खोलीपासून सुरू करू?"

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मालकांनी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी शब्द न् शब्द कळत होता. लोक ताटावरून उठून गेले होते. दोन खोल्यांतली मंडळी बॅगा घेऊन खाली आली होती. एक आजीबाई तर लॉबीत उभ्या राहून चादर झटकत होत्या. उद्यापासून तुमचं तोंड दिसता कामा नये, असं मॅनेजर म्हणाला. तोंड म्हणजे झुरळाचं की आपलं, हे विचारायचं धैर्य मालकांना झालं नाही.

मग मात्र मालक खचले. निम्मा धंदा गेला म्हणजे पैलवान आणि काका यांपैकी कोणाला तरी घरी बसवावं लागणार. त्यांनी दोघांकडे पाहिलं. काका नाक नसल्याच्या सुखात डबा खात होते. पैलवान ओशाळून पंपाचा पट्टा पुसत होता. मालकांनी मान खाली घातली आणि बाईंच्या मुलीच्या घरी फोन लावला.

"मुलगी झाली," बाईंनी सांगितलं. मागे बाळ टाहो फोडत होतं. "आता बोला. उचललात ना फोन?"

मालकांनी सगळं सांगितलं. गाडीच्या भागापर्यंत आले तेव्हा बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"हसरं?" बाईंनी विचारलं.

"हसरं."

"बरं. मॅनेजरशी मी बोलते. तुम्ही गाडी पुन्हा पांढरी करून घ्या. आणि आता खुर्चीतून उठा."

बाईंनी मॅनेजरला काय सांगितलं ते नंतर मॅनेजरकडूनच कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "लोकांना सांगा, ही गाडी आमच्याकडे ठरलेल्या वेळी येतेच येते. ज्या हॉटेलासमोर ही गाडी कधी दिसत नाही, तिथे काय असेल ते तुम्हीच ओळखा." संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्यांतली मंडळी बॅगा घेऊन परत वर गेली. आणि स्टेशनासमोरच्या दुसऱ्या हॉटेलातून मालकांना फोन आला, की तुमची ती चित्रांची गाडी आमच्या दारात थोडा वेळ नुसती उभी कराल का? मालकांनी या वेळी "सांगतो," म्हटलं. तोंडात हो आलं होतं, पण सांगतोच म्हटलं.

रंगारी सोमवारी येणार होता. मध्ये सुट्टीचा दिवस होता. सकाळी मालक इमारतीच्या फाटकाशी उभे होते आणि साहेब त्यांना नव्याने सल्ला देत होते. "हॉटेल परत आलं ना? मग रंग घालवता कशाला? उलट गाडीवर भोंगा बसवा." सगळी इमारत घरात होती. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, वर्तमानपत्रं उघडली होती, तळमजल्यावरच्या मावशी पायरीवर भाजी निवडत होत्या. मावशी भाजी निवडत तेव्हा त्यांचे कान मोकळेच असत. इमारतीत जे वर्तमानपत्रात येत नसे ते मावशींकडे मिळे.

आणि कोपऱ्यावरून गाडी वळली. हसरं झुरळ उन्हात चमकत होतं.

गाडी नेमकी फाटकाशी येऊन थांबली. एकेका गॅलरीत माणसं उभी राहिली. काका खाली उतरले, पंप पाठीला लावला आणि फाटकातल्या दोघांकडे पाहून आपल्या निष्पाप, नाक नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बाईंनी दिलेली दुपारची वेळ चुकली, माफ करा. तोच पलंग ना? की या वेळी दिवाणही करायचा?"

"कोणाचा पलंग?" मावशींनी विचारलं. हातातली शेंग हातातच राहिली.

मालकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. शेकडो माणसांवर हुकूम चालवलेला तो हात फाटकाच्या गजाला घट्ट धरून होता. आणि मालकांना एकदम कळलं. इतके दिवस फोनवर जे दबलेले आवाज येत होते, त्यांचे चेहरे असेच दिसत असणार. प्रत्येक घरी असाच एक माणूस गज धरून उभा असणार. ढेकूण चावतात त्याचं काही नाही. कोणाला कळलं तर, हे जास्त चावतं. त्यावर मालकांकडे औषध नव्हतं.

"आमचा," मालक म्हणाले.

"तुमचा?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "ढेकूण मारणाऱ्याच्या घरात ढेकूण?"

"हो." मालकांना खोटं बोलायची सवय नव्हती. नवशिक्या माणसाचं होतं तसं झालं, ते थांबेनात. "खूप झालेत. रांगा लागतात. दिवाणातही आहेत. काका, चला वर, आमच्याकडे."

काकांनी तोंड उघडलं, मागून उतरलेल्या पैलवानाने त्यांच्या पायावर पाय दिला, आणि तिघं जिना चढून मालकांच्या घरात गेले. तिथे त्यांनी एका निरोगी, निष्कलंक पलंगावर यथासांग फवारणी केली. दुपारी पैलवान "टाकी तपासायला" म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन आला, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांचं लक्ष मालकांच्या गादीकडे होतं, ती गॅलरीत उलटी टांगली होती.

मालकांची बायको त्या वेळी बाजारात गेली होती. ती परतली तेव्हा मावशींनी तिला फाटकातच गाठून धीर दिला. "होतं गं असं. मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या पायपुसण्यावर मात्र पाय नको देऊस."

बायको वर आली. पिशवी ठेवली. गादीकडे पाहिलं.

"अहो. माझ्या पलंगात?"

"नाहीत गं. म्हणजे मी नुसतं म्हटलं..."

"तुम्ही नुसतं म्हटलंत? सगळ्या इमारतीसमोर? कोणासाठी?"

आणि इथे मालकांची खरी कसोटी लागली. एक नाव घेतलं असतं तर सुटले असते. नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. मालकांनी ते गिळलं. "ते सांगता येणार नाही," ते म्हणाले, "धंद्याची गोष्ट आहे." त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. चहा येई, पण आपटून येई. बायकोच्या बहिणीने यायचं कळवलं होतं, ती म्हणाली पुढे कधीतरी बघू. साहेब एकदा संध्याकाळी खाली आले, मालकांशेजारी बसले, आणि कितीतरी वेळ एकही सल्ला न देता बसून राहिले. उठताना एवढंच म्हणाले, "त्या बाईंना सोडू नका हं." आणि पुन्हा जरा थांबून, "आणि आभार."

बाई रजा संपवून आल्या. नातीचा फोटो सगळ्यांना दाखवला, पांढऱ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि आपल्या खुर्चीत बसल्या. मालकांनी त्यांना फाटकातली गोष्ट सांगितली. बाई आधी खूप हसल्या, डोळे पुसले, आणि मग मालकांकडे त्यांनी असं पाहिलं, की मालकांना लाजल्यासारखं झालं.

"चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "पण मालक, पलंग आमचा, हे वाक्य घरी विचारल्याशिवाय वापरायचं नसतं. जरा बाहेर जाऊन या."

मालक बाहेर जिन्यात उभे राहिले. दाराआडून बाईंचा आवाज येत होता, "वहिनी, मी बोलतेय," आणि पुढे काही कळेना. खालून इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. आत बाई हसल्या. मग पुन्हा कुजबुज. मालकांनी कान दाराला लावावा का, असा विचार केला आणि मग नाही लावला.

संध्याकाळी ते घरी गेले तर चहा न आपटता आला, बरोबर खारी बिस्किटं आली. जिन्यातून बायकोचा आणि मावशींचा आवाज येत होता.

"अहो मावशी, ढेकूण कुठले आलेत आमच्याकडे!" बायको ठसक्यात सांगत होती. "यांचं तत्त्वच आहे तसं. नवं औषध काढलं की आधी स्वतःच्या पलंगावर मारून बघतात, स्वतः त्यावर झोपतात, मगच लोकांना देतात. बोलून दाखवत नाहीत कधी. चारचौघांत उगाच मोठेपणा नको म्हणून काहीतरी बोलून गेले."

"देवमाणूस गं बाई," मावशी म्हणाल्या. आणि मग आवाज एकदम खाली गेला. "मी काय म्हणते, ते औषध दिवाणालाही चालतं का?"

आत मालकांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. आपण इतके थोर आहोत याची त्यांना आजवर कल्पनाच नव्हती. बिस्कीट विरघळून कपात पडलं तरी ते ऐकत राहिले.